गच्चीच्या मधोमध

इरबिद शहरात नवं घर बांधून झालं की गच्चीवर उन्हावर पाणी तापवायचं यंत्र बसवायला बायका नजाहला बोलावत. थोरल्या मुलाच्या, सिनानच्या नावावरून सगळे तिला उम्म सिनान, म्हणजे सिनानची आई, म्हणत. चाळिशी उलटल्यावर ती नळकाम शिकायला निघाली तेव्हा दिरानं "आता गावभर पाणी गळणार!" म्हणून टिंगल केली होती. वर्षाच्या आत त्याच्याच बायकोनं तिला निरोप धाडला. घरात पुरुष नसताना परका नळवाला आत घ्यायचा तरी कसा? नजाहचं काम चोख. तोंडाचा पट्टाही तितकाच जोरात चाले, पण माणूस लाखात एक.

तिचा एक प्रश्न ठरलेला. इथे घर बांधताना खांबांच्या लोखंडी सळया गच्चीवर उभ्याच सोडतात. मुलाचं लग्न ठरलं की त्यांवर मजला चढतो. मग गच्चीच्या मध्यावर बसवलेलं यंत्र उचला, नळ तोडा, सगळा घोळ. म्हणून जिना चढता चढताच ती विचारून घेई, "मुलगे किती?" मुलगे असले की यंत्र एका कडेला, जिन्याच्या खोलीवर.

गणिताचे मास्तर फव्वाज यांच्या नव्या घरीही तिनं तेच विचारलं. मास्तर शाळेत होते, घरी त्यांची बायको इब्तिहाल एकटी. चौदा वर्षं भाड्याच्या खोल्यांत काढून दोघं इथे राहायला आली होती.

"एकही नाही," इब्तिहाल म्हणाली. "मुलगीही नाही."

नजाहला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "माझ्या जिभेला काही हाड नाही गं! माफ कर, पोरी."

"असू द्या. यंत्र मधोमध बसवा."

"पण वर सळया दिसतात की."

"मिस्त्रीनं सोडल्या, ह्यांनी काप म्हटलं नाही. कपडे वाळत घालायला जाते तेव्हा रोज बघते मी त्यांच्याकडे. न्हाणीघर बरोबर मध्याखाली आहे, उम्म सिनान. यंत्र कडेला बसवलंत तर गरम पाणी येईपर्यंत बादलीभर गार वाहून जाणार. नळाला पाणी येतं आठवड्यातून एकदा. ते मी कुणासाठी वाया घालवू?"

"मास्तरांना विचारलंस?"

"चौदा वर्षांत हा विषय आम्ही कधी काढलाच नाही."

नजाह घुटमळली. मध्यावर बोल्ट ठोकायचे म्हणजे नवऱ्याच्या तोंडावर सांगायचं, की वर आता कुणी येणार नाही. संध्याकाळी या घरात भांडण पेटलं तर? पण इब्तिहालनं स्वतःच नळाचं दुसरं टोक उचलून धरलं होतं, आणि तिची पकड चांगली घट्ट होती. नजाहनं बोल्ट ठोकले. दक्षिणेकडे तोंड करून काचा बसल्या, वर टाकी चढली. मध्येच दोघींनी जैतुनाचं तेल आणि झातरचा मसाला लावून रोटी खाल्ली. पोरगी फार गोड आहे, नजाहला वाटून गेलं, आणि मघाच्या त्या प्रश्नाबद्दल पुन्हा जीभ चावावीशी वाटली.

दोन वाजता फव्वाज थेट गच्चीवर आले. एकदा यंत्राकडे, एकदा सळयांकडे बघत उभेच राहिले. इब्तिहालच्या हातात अजून नळ होता.

"मी सांगितलं मध्ये बसवायला," ती म्हणाली. "रागवायचं तर माझ्यावर रागवा, ह्यांच्यावर नको."

फव्वाजनी एका सळईवर हात ठेवला. मग म्हणाले, "मी मिस्त्रीला त्या कापायला सांगणारच होतो. दोनदा तोंडापर्यंत आलं. मग वाटलं, तुला वाटेल मी आशा सोडली."

"आणि मला वाटत होतं, तुम्हाला अजून आशा आहे. म्हणून मी गप्प."

दोघांना हसू फुटलं, आणि हसता हसताच इब्तिहाल रडायला लागली. फव्वाजनी तिच्या हातातला नळ हलकेच स्वतःकडे घेतला.

"पाणी कधी तापेल, उम्म सिनान?"

"संध्याकाळपर्यंत," नजाह पाठमोरीच म्हणाली. आवळलेलाच नट ती पुन्हा आवळत बसली होती, आणि डोळ्यांतल्या पाण्यामुळे तिला तो धड दिसतही नव्हता.