चंद्रीचं फाटक

मास्तर संध्याकाळी खोलीला कुलूप लावायचे, ते तीनदा ओढून बघायचे, आणि शिवाय कीबोर्ड पिशवीत घालून घरी न्यायचे. कुलूप फोडून कोणी आत शिरलंच, तरी त्याला संगणकावर एक अक्षर उमटवता येऊ नये! पिशवीतली वायर मेथीच्या जुडीखाली झाकलेली असायची.

ते गणिताचे मास्तर, मुदतीआधीच निवृत्त झालेले. मी त्याच शाळेत चित्रकला शिकवायची. शुक्रवार पेठेत पिठाच्या गिरणीवर एक खोली होती, तिथे एका जुनाट संगणकावर आम्ही दोघं खेळ बनवत होतो. साल दोन हजारच्या आसपासचं. मी आलेखाच्या वहीत चौकोन रंगवून चित्रं काढायची, मास्तर ते चौकोन मोजून मोजून संगणकात भरायचे. म्हशीचा आवाज हवा होता, तर गंगावेशीच्या चौकात धार काढून दूध विकायला आणलेल्या म्हशीपुढे मास्तर टेपरेकॉर्डर धरून तासभर उभे राहिले. गवळी हसला, तर माझ्या कानात म्हणाले, "ह्यो का हसतोय, बाई? कुणी पाठवलाय का ह्याला?"

खेळ साधा होता. चंद्री म्हैस नदीच्या घाटावरून घरी आणायची. वाटेत बस, वरातीचा बँड, भाजीचे ढीग. मी गवळ्याच्या हातात काठी काढली होती, ती मास्तरांनी खोडून टाकली. "जनावराला हाणायचं न्हाय. हाक मारायची. आज्जी आन् नातीनं शेजारी बसून खेळायचा ख्योळ हाय ह्यो."

म्हशीवर एवढी माया, पण माणसावर? छे! कुणी स्तुती केली की ते जास्तच सावध व्हायचे. "एवढं ग्वाड बोलतोय म्हंजे कायतरी हाय."

अशात सांगलीचा एक संगणकांचा दुकानदार आला. प्रत्येक संगणकाबरोबर चंद्री देतो म्हणाला. आमचा खेळ पहिल्यांदाच लोकांच्या घरात जाणार होता, मी तर हवेतच! मास्तरांनी मात्र त्याला द्यायच्या फ्लॉपीत तिसऱ्या टप्प्यावर एक फाटक घातलं, कधीच न उघडणारं. "चोर असंल तर तसाच वाटत सुटंल आन् तोंडावर पडंल. सरळ असंल तर फोन करंल, मास्तर, फाटक उघडंना. मग खरी फ्लॉपी देऊ की."

मला हे पटलं नव्हतं. पण तसं म्हटलं असतं तर ते माझ्याकडेही त्याच नजरेनं बघायला लागले असते. मी गप्प बसले, आणि ते माझं चुकलंच.

दोन महिने फोन नाही. "बघा, चोरच निघाला," मास्तर जवळजवळ खुशीत म्हणाले.

पुढे एका लग्नाला सांगलीला गेले, तेव्हा मी त्या दुकानात डोकावले. तो माणूस उठून उभा राहिला. "बाई, माझी आई आणि माझी मुलगी आठ दिवस त्या फाटकाशी बसल्या होत्या. मी फोन करणार होतो, पण आई म्हणाली, आपल्यालाच जमत नाही, एवढ्या शिकलेल्या मास्तरांना कशाला त्रास देतोस?"

मी परत येऊन सांगितलं, तर मास्तरांचा पहिला प्रश्न, "काय खायला घातलं त्यानं तुमास्नी?" मग पिशवीत घातलेला कीबोर्ड त्यांनी परत बाहेर काढून ठेवला.

"म्हातारी आठ दिवस बसलीती?"

"हो."

"शाळंत पोरगं नापास कराय लागलं तर मी पेपर दोनदा तपासायचो, बाई. हितं प्रश्नच खोटा घातला, आन् नापास त्यास्नी केलं."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ते स्वतः खरी फ्लॉपी घेऊन सांगलीला गेले. दुकानदार तोवर गिऱ्हाइकांना गोळीबाराचा खेळ देऊ लागला होता, तरी त्यानं मास्तरांना मानानं घरी नेलं. मास्तरांनी मुलीला संगणकासमोर बसायला सांगितलं. ती बसेना. फाटक उघडलंय, चूक माझीच होती, असं त्यांनी तिला परोपरीनं समजावलं.

आज मास्तर नाहीत. त्या दिवसाबद्दल ते माझ्याशी एकदाच बोलले, आणि बोलता बोलता चष्मा काढून रडले. ती पोर आजीच्या मागं सरकली होती आणि म्हणाली होती, "नको, मला नाही येत तो खेळ."