गॅलरीतली थाळी

"दिवाळीपासून तू एकदाही गॅलरीत बसली नाहीस. लपवून माझ्या देवघरापुढून फिरून राहिली, का दुसरंच काही आहे?"

घरमालकीण काकू हे सगळ्या मुलींसमोर बोलली. मी जेवत होते. तिने माझ्यापुढची थाळी उचलली आणि बाहेर गॅलरीत नेऊन आपटली. पोळीचा तुकडा माझ्या हातातच राहिला.

राजापेठेतलं घर. आम्ही मुली तिथे भाड्याने राहायचो, जेवण काकूकडेच. पाळी आली की जिची तिने सांगायचं, गॅलरीत बसायचं, वेगळ्या थाळीत जेवायचं. आमच्या बौद्ध घरात असली सोंगं नाहीत. पाळी असो नसो, आई चुलीपाशीच असते. पण पोलीस भरतीच्या सरावाचं मैदान इथून जवळ, म्हणून सुरुवातीचे महिने मीही गॅलरीत बसले. मग पाळीच येईना.

मी आधीच घाबरले होते. पहाटे धावायचं, दिवसभर क्लास, रात्री झोप नाही. वजन हलकं राहावं म्हणून एका पोळीवर उठायचे. कोणाला विचारावं ते कळत नव्हतं. आणि काकूने परस्पर निकाल लावून टाकला. वरून म्हणते, "तुमच्यात काही पाळत नाहीत, मले माहीत आहे. पण पोरीच्या जातीनं एवढं तरी पाळा!"

तिने आईला फोन करून बोलावून घेतलं. आई कापसाची वेचणी सोडून मूर्तिजापूरकडच्या आमच्या गावातून आली. काकूने तिला बस म्हटलं नाही. दिवस गेलेत का ते तपासायची पट्टी आईच्या हातात ठेवली.

"इथंच करू द्या तिले. मी बाथरूमच्या दाराशी उभी राहतो."

आई खाली मान घालून म्हणाली, "कर न बाई. काय जाते आपलं?"

काय जाते! माझं डोकंच फिरलं. आईच्या हातातली पट्टी घेतली आणि काकूच्या टेबलावर ठेवली.

"नाही करत."

"म्हणजे आहेच काहीतरी."

"असो का नसो. तुमाले नाही सांगत."

त्याच दुपारी बॅग भरली. मैत्रिणीच्या खोलीवर टाकली आणि आईला घेऊन सरकारी दवाखाना गाठला.

डॉक्टरबाईंनीही तोच प्रश्न विचारला. पण आधी आईला बाहेर बसवलं, पडदा ओढला, हा प्रश्न सगळ्यांनाच विचारावा लागतो म्हणाल्या. मी नीट उत्तर दिलं. अजिबात राग आला नाही. लघवी तपासली, रक्त तपासलं. थायरॉईडनेही असं होतं, ते ठीक निघालं. रिपोर्ट आले तेव्हा बाई म्हणाल्या, "धावणं फार, खाणं कमी, वर परीक्षेचा ताण. शरीराला पुरेनासं झालं की ते पाळी थांबवतं. पोटभर जेव, सराव थोडा कमी कर. पुन्हा अशी थांबली तर अंगावर काढू नकोस, लगेच ये."

मी उपाशी होते. हाच माझा आजार. आणि त्या बाईने माझ्यापुढची थाळी उचलली होती. दवाखान्याच्या पायऱ्यांवर मी संतापाने रडले.

आई मात्र हरखली होती. "चाल, हा कागद दाखवू तिले. तोंड बंद होईन तिचं."

"नाही दाखवत, माय."

"काऊन?"

"आज मी दाखवला, तं उद्या तिथल्या दुसऱ्या पोरीलेही दाखवा लागन. आन मले खरंच दिवस राहिले असते, तं? तं तिचं बरोबर होतं का?"

आईने कागदाची घडी करून पिशवीत ठेवली. मग तिने पिशवीतली भाकरी काढून माझ्या हातात दिली. तिथेच बसून मी सगळी खाल्ली.

पाळी पुढे आली, उशिराने. मी कोणालाही सांगितलं नाही. त्या घरातल्या मुलींना मात्र मैदानावर गाठून सांगते, गॅलरीत बसू नका, आणि पाळी चुकली तर काकूला नाही, डॉक्टरला विचारा. काकूला हे कळलंय. कळू दे.

मी भरती होणार आहे. पोटभर जेवून धावणार आहे. माझ्या अंगाचा जबाब मागायला यापुढे कोणी दाराशी उभं राहिलं, तर त्याला तिथूनच परत पाठवणार आहे.