पाऊण मीटरचा ओटा

इकबालभाई गेल्याची बातमी मला ऑफिसच्या ग्रुपवर कळली. सकाळची वेळ, दुबईतल्या अल बर्शाच्या आमच्या घरात मी मुलीचा डबा भरत होते. मेसेजची पहिली ओळ ते गेल्याची होती आणि दुसरी ओळ, आजची साइट मीटिंग ठरल्या वेळीच होईल, ही. खाली वीस-बावीस जोडलेले हात. मी डब्याचं झाकण लावलं, मुलीला बसपर्यंत सोडलं आणि गाडीत बसून इतकी चिडले की घराचीच किल्ली गाडीला लावत राहिले. रडू बऱ्याच दिवसांनी आलं. आता सहा आठवडे होऊन गेलेत. राग गेलेला नाही, आणि तो जावा म्हणून मी हे लिहीतही नाही.

इकबालभाई मूळचे राजापूरकडचे. बाविसाव्या वर्षी दुबईला आले ते ट्रेसिंग पेपरवर रेघा ओढायला, आणि शेवटपर्यंत कागदोपत्री सिनियर ड्राफ्ट्समनच राहिले, कारण डिग्री नव्हती. ज्यांच्याकडे डिग्री होती ते त्यांच्याकडून जिने काढायला शिकले, मीसुद्धा त्यातलीच. नऊ वर्षं आमची टेबलं शेजारी होती. खिशात कायम मोजपट्टी. आमच्या घरी पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा हात धुवायच्या आधी त्यांनी स्वयंपाकाचा कट्टा मोजला आणि म्हणाले, "हा तुझ्या नवऱ्याच्या उंचीचा आहे गो. तो करतो काय जेवण?" नवरा दोन दिवस माझ्याशी जपून बोलत होता. मापात खोट दिसली की इकबालभाईंना गप्प बसवत नसे. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे ते गप्प बसले.

तीन वर्षांपूर्वी एका मॉलला लागून थाई बाजार बांधायचं काम आमच्याकडे आलं. चाळीसेक गाळे, विकणाऱ्या बहुतेक इथेच राहणाऱ्या थाई बायका. ग्राहक कंपनीने सोबत चित्रं पाठवली होती. सोनेरी टोकदार छपरं, दारात बुद्धाचं भलंमोठं डोकं, मध्ये एक रिक्षा. इकबालभाईंनी ती चित्रं पाहिली आणि चष्मा काढून ठेवला. म्हणाले, ही छपरं देवळाची आणि राजवाड्याची. तुमच्या गावात मिरच्या विकायच्या दुकानावर कुणी कळस चढवतं काय? मग त्या वर्षी राजापूरला जायची सुट्टी त्यांनी थायलंडला घालवली, स्वतःच्या खर्चाने, कालव्याकाठच्या जुन्या लाकडी बाजारांमध्ये. त्यांची बायको, आमच्या भाभी, अजून सांगतात, सगळं जग तिथे जाऊन समुद्राचे फोटो काढतं, हा माणूस पायऱ्यांचे काढून आला.

खरंच पायऱ्यांचेच होते. रास अल खैमाला टाइल्सचे नमुने बघायला आम्ही दोघं गेलो, त्या अख्ख्या रस्त्यात त्यांनी मला ते फोटो समजावले. तिथल्या जुन्या बाजारात दुकान असं वेगळं नसतंच, घराचाच पुढचा भाग दुकान असतो. सकाळी दाराच्या फळ्या एकेक करून काढायच्या, प्रत्येक फळीवर आकडा, म्हणजे संध्याकाळी त्याच क्रमाने परत लागतील. फळ्या निघाल्या की आतली लाकडी जमीन हाच ओटा, तिच्यावर माल आणि मालाशेजारी मांडी घालून बाई. काही घरांच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. होडीतून नारळवाली येते, घरातली बाई खालच्या पायरीवर येऊन बसते, नारळ घेते, कधी बदल्यात आपल्या झाडाची केळी देते. बसलेल्याच्या डोक्यावर उभं राहून बोलणं तिकडे उद्धटपणाचं. "आमच्याकडे कोळीण आली की आई काय करायची?" त्यांनी विचारलं, आणि उत्तरही स्वतःच दिलं. आई ओट्यावरून उतरून पायरीवर बसायची. उभ्याने भाव केला तर ती चौकशी होते, घेणंदेणं नव्हे. त्यांच्या आजोबांचं गलबत कौलं भरून याच आखातात यायचं आणि खजूर घेऊन परतायचं. अरब व्यापारी आणि आजोबा धक्क्यावर एकाच चटईवर बसून व्यवहार करत, हे त्यांनी लहानपणी इतक्यांदा ऐकलं होतं की थाई कालव्याकाठी त्यांना परकं असं वाटलंच नाही.

त्यातून त्यांचं डिझाइन झालं. छपरं साधी, उतरती. माणसांनी चालायची वाट खोलगट, कालव्यासारखी वळणं घेत जाणारी. दोन्ही बाजूंना पाऊण मीटर उंचीचा सलग लाकडी ओटा. विकणारी ओट्यावर बसली आणि घेणारा खाली उभा राहिला की दोघांचे डोळे बरोबर समोरासमोर येतात. कडेची पट्टी रुंद, म्हणजे घेणाऱ्यालाही टेकता येईल. हे माप ठरवायला त्यांनी नोईला मोजलं होतं. नोई त्या विकणाऱ्यांपैकीच एक, पन्नाशीची, आपल्या आप्पेपात्रासारख्या तव्यावर तांदळाच्या पिठात नारळाचं दूध घालून गोड आप्पे करते. तिचे गुडघे गेलेले. दुसऱ्यांच्या हॉटेलांत तिने वीस वर्षं उभ्याने काम केलं. इकबालभाईंनी तिला सांगितलं होतं, तुझ्या गाळ्यात तू बसून विकशील. त्यांनी शब्द दिला होता. ग्राहक कंपनीने डिझाइन मंजूर केलं, अर्धे ओटे बांधूनही झाले.

मग इकबालभाईंना हार्ट अटॅक आला आणि ते अबुधाबीला मुलाजवळच्या हॉस्पिटलात दाखल झाले. त्याच आठवड्यात ग्राहक कंपनीचा कुणी नवा सल्लागार आला. बसलेला विक्रेता आळशी दिसतो, म्हणाला. ओटे काढा, सव्वा मीटरचे स्टीलचे काउंटर लावा, छपरं पहिल्या चित्रांतली सोनेरीच करा. आमचे मॅनेजर साठे सर, पुण्याचे, माणूस वाईट नाही, पण ग्राहकाने 'यल्ला' म्हटलं की धावत सुटणारा. ड्रॉइंगमधला बदल ज्याने डिझाइन केलं त्याच्या सहीशिवाय होत नाही, आणि तो गैरहजर असेल तर कोऑर्डिनेटरची सही चालते. कोऑर्डिनेटर मी. साठे सर कागद घेऊन आले, म्हणाले, फक्त फाइल पुढे जाऊ दे.

मी सही केली.

काय विचार केला, तेही सांगते, कारण तो आमच्या ऑफिसातल्या कुणीही केला असता. मला वाटलं, आत्ता करून टाकू, इकबालभाई आले की भांडतील आणि ओटे परत आणतील. नऊ वर्षं आम्ही सगळ्यांनी हेच केलं होतं. आपण मान डोलवायची आणि भांडणाचं काम त्यांच्याकडे. त्यांचं हृदय त्याच कामावर झिजत होतं, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही. हॉस्पिटलातून त्यांचा दोनदा फोन आला, दोन्ही वेळा मी हवापाण्याचं बोलले. तिकडे ओटे फोडले जात होते.

घरी सोडल्यावर दुसऱ्याच दिवशी ते मुलाला घेऊन बाजारात गेले, तिथून ऑफिसला आले. शर्ट खांद्यावरून ओघळत होता, इतके वाळले होते. माझ्या टेबलाशी उभे राहिले.

"सही तुझी आहे?"

"हो. मला वाटलं, तुम्ही आल्यावर..."

"बरं," म्हणाले. "खलास."

एवढंच. ओरडले नाहीत, साठे सरांच्या केबिनकडे पाहिलंही नाही. खुर्चीला अडकवलेलं त्यांचं जाकीट घेतलं आणि गेले. नऊ दिवसांनी तो मेसेज आला. मला त्यांचाही राग येतो. शिव्या द्यायच्या होत्या, मोजपट्टी फेकून मारायची होती, मी उत्तर तरी दिलं असतं. शोकसभेत साठे सर म्हणाले की थाई बाजार हे इकबालभाईंचं स्वप्न होतं आणि ते आपण पूर्ण करतो आहोत. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खरं होतं, याचाच मला जास्त संताप आला. बुद्धाचं डोकं तेवढं आलं नाही. सोनेरी छपरं आली.

बाजार सुरू झाल्यावर पंधरा दिवसांनी मी धीर करून गेले. स्टीलच्या काउंटरमागे नोईचं डोकं आणि हात एवढंच दिसत होतं. ती एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत उभी होती. मला ओळखून तिने पानावर चार आप्पे ठेवले आणि विचारलं, मिस्टर इकबाल बरे झाले का, त्यांनी बसायची जागा देईन म्हटलं होतं, कधी येणार? तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं. तिने तव्याखालचा गॅस बंद केला आणि दोन्ही हात जोडून कपाळाला लावले, बराच वेळ. मग मी सांगितलं की जागा काढून टाकायच्या कागदावर सही माझी आहे. का सांगितलं, माहीत नाही. तिने रागवावं असं वाटत असेल. ती रागावली नाही. थोडा विचार करून, मुलाला गणित समजवावं तशी म्हणाली, "यू साइन, इट गो. सो यू साइन अगेन, इट कम."

तसं ते होत नाही, असं मी तिला म्हणणार होते... पानावरचे आप्पे संपवले आणि निघाले.

आमच्या ऑफिसच्या पॅन्ट्रीत एक ओटा आहे. ओट्याचं माप ठरवताना इकबालभाईंनी सुताराकडून प्लायवुडचा नमुना करून घेतला होता, पाऊण मीटर उंच, दोन माणसं बसतील एवढा. पुढे त्याची गरज उरली नाही, पण तो कुणी हलवला नाही, कारण चहाच्या वेळी सगळे त्यावरच बसतात. खुर्च्या रिकाम्या असतात. साठे सर तर रोज अकरा वाजता तिथे पाय हलवत बसलेले असतात. गेल्या आठवड्यात मी बदलाचा नवा कागद तयार केला. काउंटर काढणे, ओटे पूर्ववत करणे. कोऑर्डिनेटरच्या जागी सही केली, आणि या वेळी खाली कारणही लिहिलं, की पहिली सही चूक होती आणि ती माझी होती. मॅनेजरची जागा रिकामी होती. अकरा वाजता पॅन्ट्रीत गेले आणि कागद साठे सरांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी वाचला. ग्राहक मानणार नाही, म्हणाले, माझीही नोकरी आहे, केबिनमध्ये ये, बोलू. आणि उठायला लागले.

मी म्हटलं, "उठू नका, सर. इथेच बसून सांगा, बसून विकलं तर काय बिघडतं ते."

ते पुन्हा टेकले. ते ओट्यावर, मी समोर उभी. आमचे डोळे अगदी समोरासमोर होते, आणि सरांना कुठे बघावं ते कळत नव्हतं.