पाय उचल

भाऊ गेला तेव्हा गाडीचं इंजन चालूच होतं. राजूरच्या रस्त्यावर, भर दुपारी, त्यानं गाडी लिंबाच्या सावलीला घेतली, गिअर काढून न्यूट्रल केला आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. मागच्या पॅसेंजरांना वाटलं, थकलाय, पडू द्या घडीभर. छातीतली कळ त्यानं कुणाला सांगितलीच नव्हती. वय काय होतं हो त्याचं? त्याच्यासाठी पोरगी बघून राह्यलो होतो आम्ही!

आईच्या डोळ्यातून टिपूस आलं नाही. ती बोलेनाशी झाली. ताटावर बसायची, भाकरीचा तुकडा मोडायची आणि तसाच ठेवून उठायची. दुष्काळ नुकताच सरला होता, घरात चार दाणे आले होते, आणि आता ही माउली खाईना. आम्ही हात टेकले. गाडी सगळा पावसाळा दाराशी भिजत उभी राहिली, कारण तिला हात लावायची कुणाची छाती होत नव्हती.

पाऊस सरल्यावर मीच किल्ली घेतली. इंजन चालू झालं आणि त्याच्या खालून एक आवाज आला. हूंऽऽ. माझ्या अंगावर काटा आला. भाऊ गाडी चालवताना ओठ मिटून, नाकातून असंच एकसुरी गुणगुणायचा, गाव येईपर्यंत. मी क्लच दाबला. आवाज विरत विरत बंद झाला. पाय उचलला. हूंऽऽ.

आमच्या घरात भुताचं नाव काढायची सोय नव्हती. छप्पन सालच्या धम्मदीक्षेनंतर वडिलांनी देव नदीत सोडले, त्यांच्या मागोमाग भगत आणि अंगारे-धुपारेही सोडले. देवच न्हाईत तर भुतं कुठून येतील, असं ते मरेपर्यंत म्हणायचे. मलाही ते बराबर पटलेलं होतं. तरी खोटं कशाला बोलू, दिवसाउजेडी माझ्या तोंडचं पाणी पळालं.

तेवढ्यात आई बाहेर आली आणि मुकाट्यानं माझ्या शेजारी बसली. मी घाबरून क्लच दाबून धरला. तिनं माझ्या मांडीवर सण्णकन चापट मारली.

"पाय उचल! लेकरू बोलून राह्यलं, अन् तू त्याच्या तोंडावर पाय देऊन राह्यला?"

इतक्या महिन्यांत तिच्या तोंडून आलेले हे पहिले शब्द. त्या संध्याकाळी ती जेवली.

मंग तो रोजचा शिरस्ताच झाला. मी भाडं मारून आलो की ती येऊन बसायची. गाडी जागेवर, इंजन चालू. शेजारणीची म्हैस व्याली, मामा आल्ता, तुरीला फुलं लागली, असं काय काय ती समोरच्या काचेकडे बघून सांगायची. मधेच थांबायची, ऐकायची, मान हलवायची.

"आई, पेट्रोल जळून राह्यलंय."

"तू गप. त्याचं ऐकू दे."

मला तिथून पळून जावंसं वाटायचं. पण ती जेवत होती ना! म्हणून मी पाय उचलून बसायचो.

हळूहळू आवाजात खरखर मिसळली. पॅसेंजर विचारू लागले. एकदा धावड्याकडच्या चढावर गिअर पडेना, गाडी मागं सरकली आणि बायाबापड्या किंचाळल्या. दुसऱ्या दिवशी मी जालन्याला मिस्त्री गाठला.

त्यानं आधी मलाच विचारलं, "कधी वाजतो? दाबल्यावर का सोडल्यावर?"

"सोडल्यावर. दाबला की गप."

"मंग क्लच बिलकुल चांगला. दाबल्यावर ओरडला असता तर क्लचचं बेअरिंग. हे गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग हाय. पावसात उभी होती ना? पाणी शिरलं." त्यानं एक लाकडी दांडा गिअरबॉक्सला टेकवला आणि दुसरं टोक माझ्या कानाशी दिलं. "ऐक."

जात्यात खडा आल्यासारखी खरखर होती. आणि तिच्या तळाशी, अगदी कानात, हूंऽऽ. मी दांडा फेकूनच दिला.

"काय झालं? इंचू चावला का?" मिस्त्री हसला आणि मंग हसायचा थांबला. "हे फुटलं तर चालत्या गाडीत गिअरबॉक्स जाम होईल. पॅसेंजर न्हाई, मढी उतरवशील."

"आवाज तसाच ठेवून दुरुस्त होईल का?"

"दिमाग ठिकाणावर हाय ना तुझा?"

माझं टाळकं फिरलं. "काढ मंग, काढ! बघतो काय?" मी त्याच्यावरच ओरडलो. तो गाडीखाली शिरला.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आई वाटच बघत होती. ती बसली, पदर सावरला आणि काचेकडे बघून ऐकू लागली. इंजनाची घरघर, बाकी काही नाही.

"पाय उचल."

मी स्टिअरिंग धरून समोर बघत राहिलो.

"उचल ना रे पाय!"

"उचललाय, आई."

ती वाकली. अंधारात तिनं हातानं माझं पाऊल चाचपलं. ते क्लचपासून लांब, खाली सपाट टेकलेलं होतं. तिनं ते घट्ट धरलं आणि तशीच वाकून राहिली. मंग भाऊ गेल्यापासून पहिल्यांदा ती रडली. ओठ मिटून, नाकातून, एकाच सुरात. हूंऽऽ.

मी इंजन बंद केलं. आवाज चालूच राहिला.