डबी बरी हाय

प्रसेनजीत शिंगेकडं कुणी ट्रकची डबी तपासायला दिली, की परत देताना तो तिच्यावर पांढऱ्या रंगानं लिहितो, ‘दुरुस्त केलेली नाही.’ मग गिऱ्हाइकाला ते मोठ्यानं वाचायला लावतो. पहिलीतल्या पोरागत वाचून घेतोय म्हणून लोक हसतात. हसू देत. मला हसू येत नाही, कारण हे कशापायी सुरू झालं ते मी पाहिलंय.

आम्ही दोघं एकाच साखर कारखान्यात इलेक्ट्रिशियन. ड्यूटी सुटली की मी घरी जाऊन अंग टाकतो, आणि हा कसबा बावड्यातल्या आपल्या घराच्या पुढच्या खोलीत टेबलाशी बसतो. नव्या डिझेल गाड्यांचं इंजिन ज्या बंद इलेक्ट्रॉनिक डबीच्या हुकमानं चालतं, तिला काय झालंय ते शोधायचं, हा त्याचा जोडधंदा. टेबलावरच डबीला करंट द्यायचा, खोटे सेन्सर जोडून तिला गाडीत बसल्यासारखं भासवायचं आणि ती काय सांगते ते लॅपटॉपवर बघायचं. चारातल्या तीन डब्यांत दोष नसतोच, तो कुठंतरी वायरीत असतो. काही दुकानदार चांगल्या डबीलाही ‘गेली’ म्हणून नवी गळ्यात मारतात. प्रसेनजीतनं ते कधी केलं नाही. त्याच्या या सचोटीचा मला कधीकधी रागच यायचा, पण नाव झालं होतं ते तिच्यावरच.

हंबीरराव चौगले त्याचं हे नाव ऐकूनच आले. बापलेक मिळून कोकणातून जांभ्या चिऱ्याची वाहतूक करायचे. ऋतुराज, त्यांचा मुलगा, गाडी चालवायचा आणि हंबीरराव शेजारी बसायचे. चढाला गाडी मध्येच बंद पडते, ही तक्रार. प्रसेनजीतनं दोन दिवस डबी तापवली, गार केली, हलवून बघितली. दोष सापडला नाही. हंबीररावांचा फोन आला तेव्हा आम्ही कारखान्यात होतो. मिल चालू, कान फुटायची वेळ. हा ओरडला, “डबी बरी हाय अण्णा! घिऊन जावा!”

बस, एवढंच. मी शेजारीच होतो, मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. वायरमनला एवढं पुरतं. डबी बरी, म्हणजे आता वायरी बघा. पण हंबीरराव वायरमन नव्हते. दवाखान्यात टाकलेल्या माणसाला डॉक्टर आठ दिवसांनी ‘बरा हाय, न्या’ म्हणाला, तर घरचे काय समजतात? आजार गेला असंच समजतात.

डबी बसवताना जोडणी काढली-घातली, तेवढ्यानं वायर तात्पुरती जागेवर बसली असावी. चार दिवस गाडी सुतासारखी चालली. हंबीरराव नृसिंहवाडीला जाऊन आले आणि पेढे घेऊन प्रसेनजीतच्या घरी गेले. तो ड्यूटीवर होता. बावड्यातली काही माणसं अजून त्याच्या उंबऱ्याबाहेरूनच डबी देतात, पाणी विचारलं तर तहान नाही म्हणतात. हंबीरराव आत पंख्याखाली बसले, त्याच्या बायकोनं, श्रुतीनं, केलेला चहा बशीत ओतून प्याले आणि म्हणाले, “पोरी, तुझ्या मालकानं गाडी बरी केली बघ.”

श्रुतीनं निरोप जसाच्या तसा सांगितला. दुसऱ्या दिवशी यानं पेढे कारखान्यात आणले. “अण्णा घरात बसून चहा पिऊन गेले,” हेच तो पुन्हा पुन्हा सांगत होता. त्या आनंदात ‘बरी केली’ या शब्दांकडं ना त्याचं लक्ष गेलं, ना माझं. दोन पेढे मीही खाल्ले.

पुढच्याच आठवड्यात गगनबावड्याच्या घाटात, चिऱ्यांनी भरलेली गाडी वळणावर बंद पडली. हँडब्रेक त्या ओझ्याला पुरेना. ऋतुराज ब्रेक दाबून बसला आणि हंबीरराव चाकामागं दगड लावायला उतरले. पहिला दगड फुटला. दुसरा लावताना ब्रेकनंही दम सोडला आणि गाडी मागं आली. हंबीरराव जागीच गेले. गाडी ओढून आणल्यावर कळलं, लोखंडी पट्टीवर घासून एक वायर सोलली होती, चढाला इंजिन हललं की ती पट्टीला टेकायची आणि गाडी बंद पडायची. अर्ध्या तासाचं काम होतं.

मी प्रसेनजीतला बजावलं, “गप बस. वायरिंग तुझं काम न्हवतं.” आणि त्याला जबाबदार धरणारं कुणी नव्हतंच. उलट ऋतुराजच सांगत होता, की प्रसेनजीतदादांनी जीव लावून दुरुस्त केली होती, आमचंच नशीब फुटकं. हा नुसता गप राहिला असता, तरी त्याचं नाव शाबूत राहिलं असतं.

रक्षाविसर्जनाला आम्ही दोघं पंचगंगेवर गेलो, तिथून त्यांच्या घरी. चहाचा कप हातात तसाच धरून हा हंबीररावांच्या बायकोला, चिमणाबाईंना, म्हणाला, “काकी, डबीत दोष न्हवताच. मी काय केलं न्हाय तिला. बरी हाय म्हणलो ते त्या अर्थानं. वायरिंग बघून घ्या म्हणायला पायजे हुतं. ते ऱ्हायलं माझं.”

ऋतुराज उठला आणि परत बसला. मला वाटलं, आता शिव्या बसणार. बसल्या असत्या तर बरं झालं असतं.

चिमणाबाईंनी प्रसेनजीतला विचारलं, “म्हंजे तुमी कायच दुरुस्त केलं न्हवतं?”

“न्हाय, काकी.”

“मग आमचं पेढं कशाला खाल्लासा, बाबा?”