रिकाम्या जीपचा आवाज

बोरगावजवळच्या आमच्या संत्र्याच्या बागेत जायला दगडधोंड्यांचा नाला ओलांडावा लागे. म्हणून बाबांनी जुन्या फोर-व्हील जीपच्या स्प्रिंगांना जादा पाटे घालून ती चार बोटं उंच करून घेतली होती. येणाऱ्याजाणाऱ्याला ते ती कौतुकानं दाखवत.

दिवाळीच्या सुट्टीत मी कॉलेजातून घरी आले, तेव्हा चाळीसच्या वेगाला जीप घुरघुरायला लागली होती. सौंसरचे मिस्त्री म्हणाले, "गिअरबॉक्स गेला, भाऊ. खोलाच लागते." सामान नागपूरहून यायचं, म्हणजे पंधरा दिवस जीप उभी. इकडे संत्री तोडायला आलेली, आणि बागेपर्यंत ट्रक येत नव्हता.

मी दोन दिवस मागच्या बाकावर बसून ऐकत होते. मी कमी बोलते म्हणून मला काही म्हणायचंच नसतं, असा घरात समज होता; मला तो सोयीचा होता. गिअर बदलला तरी आवाज तोच राही, वेग उतरला की जाई. आणि संत्र्याच्या पेट्या भरून पांढुर्ण्याच्या बाजाराला जाताना तो येतच नसे. मिस्त्री मात्र दरवेळी रिकामी जीप फिरवून बघत.

गॅरेजात ते पाना घेऊन जीपखाली सरकले, तेव्हा मला बोलावंच लागलं.

"गिअरबॉक्स नाही. आधी मागं वजन टाकून बघा."

मिस्त्रींनी डोकं बाहेर काढलं. "कॉलेजमधी गिअरबॉक्स बी शिकवते काय, बाई?"

"काय बोलून राहिली तू?" बाबा म्हणाले.

मी मागच्या चाकांकडे बोट दाखवलं. "भरली की जीप खाली बसते, मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट सरळ होतो. रिकामी असली की तो फार तिरका फिरतो, म्हणून घुरघुरतो. आपण उंच केली तेव्हापासूनचं आहे हे, बाबा."

 मग बाबांनी शेजारच्या चहाच्या टपरीवरच्या सहा जणांना हाक मारली. "बसा रे मागं."

"वरात कोनाची हाय, भाऊ?" एकानं चढता चढता विचारलं.

लोधीखेड्याच्या रस्त्यावर मिस्त्रींनी जीप चाळीसवर नेली, पन्नासवर नेली. आवाज नव्हता. सहा जणांना उतरवून तोच रस्ता पुन्हा धरला, तर घुरघुर हजर.

"गिअरबॉक्स राहू द्या," मिस्त्री म्हणाले.

त्यांनी मागच्या चाकांचा एक्सल आणि पाटे यांच्यामध्ये लोखंडी पाचरी घातल्या, म्हणजे एक्सलचं तोंड वर वळून शाफ्टच्या रेषेत येईल. मग रिकाम्या जीपमध्ये मला आणि बाबांना बसवून तोच रस्ता पुन्हा धरला. "ऐक, बाई."

मी ऐकलं. "थोडा आहे अजून."

"मले तं नाही येऊन राहिला ऐकू."

"ती म्हणते तं हाय," बाबा म्हणाले.

मिस्त्रींनी जीप परत आणली आणि जाड पाचर शोधायला सामानाचा डबा जमिनीवर उपडा केला.