कुणीकाका आणि माझी पहिली सही

कुणीकाका कुणावरच विश्वास ठेवत नसत. चहावाला थट्टेनं त्यांच्या कपातला घोट आधी स्वतः घेऊन दाखवायचा, आणि हे खरंच त्याच्या तोंडाकडे बघत थांबायचे. कुठलीही बातमी ऐकली की पहिला शब्द ठरलेला, "कुणी?" कुणी ठरवलं, कुणाला हवंय, कुणाला विचारलं? विठ्ठलवाडीच्या आमच्या चाळीत त्यांचं खरं नाव त्यामुळे मागेच पडलं.

अंबरनाथ एमआयडीसीत ते फिटर होते. रविवारी सकाळी विहाराच्या ओट्यावर आम्हा बायकांना लिहा-वाचायला शिकवायचे. पुस्तक कसलं, किराणाच्या पुडीचा कागद! त्यावर कधी परदेशातली लढाई, कधी कुठल्या तरी धरणात बुडालेली गावं. शेंगदाणे बाजूला सारून म्हणायचे, "वाच सुमन. आणि सांग, ज्यांची घरं गेली त्यांना कुणी विचारलं होतं?"

मी म्हणायची, "काका, मला जोडाक्षर येईना आणि तुम्ही जगाचं विचारताय!"

"जोडाक्षर महिन्यात येईल गं. हा प्रश्न यायला जन्म जातो."

राज्य म्हणजे काय, ते मला त्यांच्याकडूनच कळलं. "विचारून चालतं ते राज्य. न विचारता चालते ती मालकी. सही म्हणजे तू दिलेला होकार. अंगठा काय, कुणीही हात धरून टेकवतं." एवढं ऐकलं आणि आम्ही अकराजणींनी अंगठा सोडला. मला तर वेडच लागलं. रेशनचं दुकान, पोराची शाळा, कागद दिसला की माझी सही.

मग नव्वद सालानंतर कधीतरी एमआयडीसीत रसायनांची परदेशी कंपनी येणार असं ऐकू आलं. काकांचा चेहराच बदलला. "त्यांच्या देशात हा माल करू देत नाहीत. तिकडच्यांनी हाकललं ते आपल्या दारात का येतंय?" वस्तीची हरकत नाही असा कागद कंपनीला लागणार होता. तो द्यायचा नाही, असं आम्ही ओट्यावर ठरवलं.

पुढच्याच आठवड्यात काका कामावरून बातमी घेऊन आले, कागद पोचलासुद्धा, आणि खाली आपल्याच बायकांच्या सह्या. त्या रविवारी त्यांनी एकेकीच्या तोंडाकडे असं पाहिलं, की बायका एकमेकींकडेही तसंच बघायला लागल्या.

घरी आल्यावर मला आठवलं. महिनाभर आधी एक गोडबोल्या माणूस नळाचा अर्ज घेऊन आला होता. अर्जाखाली अजून एक कागद टाचलेला. संध्याकाळी मी काकांच्या खोलीवर गेले.

"काका, पहिली सही माझीय. बाकीच्यांनाही मीच हाका मारल्या."

"खालचा कागद वाचलास?"

"नाही. वरची सही फार छान आली होती. म्हणून खालीही केली."

काकांनी चष्मा काढून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "सगळ्या दुनियेवर संशय घेतला, स्वतःवर घ्यायचा राहिला. तुम्हाला सही शिकवली मी. नाही म्हणायला शिकवलंच नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही अकराजणींनी आपापल्या हातानं लिहिलं, 'आमची हरकत आहे.' आणि एमआयडीसीच्या कचेरीत नेऊन दिलं. कारखाना आला तो आलाच. पण त्यानंतर टाचलेला कागद उलटून पाहिल्याशिवाय आमच्यातल्या एकीनंही पेन उघडलं नाही.

निवृत्त होऊन काका बदलापूरला, शिरगावात राहायला गेले. तिथं छातीच्या दुखण्यानं धरलं. ऑपरेशन ठरलं तेव्हा मी दवाखान्यात भेटायला गेले होते. नर्सनं संमतीचा कागद पुढे केला. काकांचा चष्मा उशाशीच होता. त्यांनी तो घेतला नाही, कागद माझ्याकडे दिला. मी दोन्ही बाजू वाचल्या, टाचणी काढून खाली काही आहे का तेही पाहिलं. सगळं मोठ्यानं सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानंच थांबवलं.

"तू वाचलंस ना? मग आण इकडे."

त्या दुखण्यातून ते उठले नाहीत. माझ्या माहितीत काकांनी न वाचता केलेली ती एकच सही.